मृग लागण्याआधी गावानं करायची तयारी

अक्षय तृतीया झाली की विदर्भातल्या कास्तकाराला मृगापर्यंत थोडे सैल दिवस मिळतात. वखरणी आटोपलेली असते, बियाण्याची धावपळ अजून लागलेली नसते. ऊन, साप, वीज, पूर यांसाठी गावाच्या तयारीच्या बैठका याच दिवसांत, ऊन उतरल्यावर, समाजमंदिरासमोर घ्याव्यात. सामानाची यादी शेवटी ठेवा. दोर, टॉर्च, शिट्टी एका फेरीत तालुक्याहून येतात. हाताला काम यायला वेळ लागतो. वहीत प्रत्येक कामापुढे दोघांची नावं घाला, कारण एकच नाव लिहिलं की नेमका तोच माणूस त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो.

25 मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, म्हणून पहिली बैठक उन्हाची. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण प्रत्येक घरातल्या एकाने तरी सगळ्यांसमोर करून दाखवावं. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी टाकून वारा घालायचा आणि 108 ला फोन करायचा.

सापाला मात्र पूर्ण संध्याकाळ द्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर सरकारी दवाखान्यात एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात जाणारा वेळ फुकट. आवळून बांधणं नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही. अंगठी, जोडवी, पायातले वाळे आधी काढा, सूज चढली की निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. रस्त्यापर्यंत गाडी येत नसेल तर मोटारसायकलवर चालवणारा पुढे, रोगी मध्ये, धरणारा मागे, अशी एक फेरी सरावाला मारून बघा. ऐकायला सोपं वाटतं, बसवताना कळतं. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसतही नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा आल्या आणि पापण्या मिटायला लागल्या, तर अजीर्ण समजून ओवा देत बसू नका. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. लस कुठल्या दवाखान्यात आहे, रात्री डॉक्टर असतात का, हे आरोग्यसेविकेकडून जूनमध्येच विचारून ठेवा. आणि उतारा करणाऱ्या बुवालाही बैठकीला बोलवा. लोक त्याच्याकडे जायचे थांबणार नाहीत. तोच ‘आधी दवाखाना’ म्हणाला तर तासभर वाचतो.

विहिरीचं काम शाळेतल्या पोरांना द्या, त्यांना ते आवडतं. व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, पाण्याच्या खोलीने आणि मग 785 ने गुणायचं, की लिटर निघतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर धरली तर 70 ग्रॅम लागेल. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा आणि तासभर कोणाला पाणी भरू देऊ नका. उघड्या पोत्यातली पावडर जोर गमावते, म्हणून झाकणाचा डबा हवा. पाऊस पडल्यावर विहिरीची पातळी बदलते, म्हणून मोजमाप पावसाळ्यात पुन्हा घ्यावं लागतं.

विजेसाठी मोबाईलमध्ये वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घालून घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ते आहे. गडगडाट ऐकू आला की वावरातल्या एकट्या झाडाखालून निघा, पक्क्या घरात जा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून हे एकदा करून घ्या, वाचून येत नाही.

नदीकाठच्या गावांना वेगळी बैठक लागते. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये 204 माणसं गेली. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगा चढली तेव्हा गोसीखुर्द धरणाच्या खालच्या गावांत पाणी शिरलं. गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तर पर्लकोटा नदीच्या पुराने दर पावसाळ्यात तुटतो. तिथे महिन्याचं धान्य आणि बाळंतपणाची सोय पाऊस लागायच्या आत व्हायला हवी. दवंडी कोण देणार, गुरांची दावी कोण सोडणार, म्हाताऱ्यांना आणि अंथरुणावरच्या माणसांना कोण उचलणार, ही नावं घरवार ठरवा. आधार, पासबुक, सातबारा एका प्लास्टिकच्या पिशवीत.

108, 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर ऑइल पेंटने समाजमंदिराच्या भिंतीवर लिहा. खाली नावं मात्र खडूने.

पोळ्याच्या सुमारास पुन्हा बसा, तेव्हा पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, फवारणी जोरात असते. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, ते सगळ्यांना आठवतं. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, आणि मळमळलं तर तो डबा सोबत घेऊन दवाखान्यात जावं, डॉक्टरला औषधाचं नाव लागतं. त्याच बैठकीत भिंतीवरची नावं वाचून काढा. कोणी पुण्याला कामाला गेला असेल तर पुसून दुसरं लिहा.