स्पेक्ट्रमवर पडदा वितळवताना आणि पट्टे पळवताना: या चुका टाळा

झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा घरगुती संगणक १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. टेपवरून प्रोग्राम चढत असताना त्याच्या बॉर्डरवर, म्हणजे पडद्याभोवतीच्या रिकाम्या चौकटीवर, आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावायचे. ते बघून कितीतरी हौशी मंडळींना वाटलं, हे आपल्यालाही जमायला हवं. मग पडदा मेणासारखा वितळवणारे, अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी विरघळवणारे, बॉर्डरवर इंद्रधनुष्य नाचवणारे छोटे प्रोग्राम लिहिले गेले. उपयोग शून्य, मजा भरपूर. आपल्याकडे १९८८ मध्ये डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला होता. आज हे सगळं इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, फुकट करून बघता येतं. मात्र लिस्टिंग (लिहिलेला प्रोग्राम) बरोबर दिसत असूनही पडद्यावर भलतंच काही उमटतं, तेव्हा बहुतेक वेळा गोंधळ एकाच ठिकाणी असतो: पडदा कोण, कधी आणि कुठून वाचतंय हे लक्षात घेतलेलं नसतं.

एक ओळ खाली जायचं होतं, आठ ओळी खाली गेलो

पडद्याची मेमरी १६३८४ पासून सुरू होते. ठिपक्यांचे ६१४४ बाइट्स, त्यानंतर २२५२८ पासून रंगांचे ७६८. एका ओळीत ३२ बाइट्स, म्हणून खालच्या ओळीसाठी पत्त्यात ३२ मिळवायचे, असं कुणालाही वाटेल. पण तसं केलं की आपण एक अक्षरभर, म्हणजे आठ ठिपके-ओळी, खाली जातो. अक्षराच्या चौकोनात एक ओळ उतरायला २५६ मिळवावे लागतात, म्हणजे पत्ता एचएल या रजिस्टर-जोडीत (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधला छोटा कप्पा) असेल तर त्यातलं एच एकने वाढवायचं. दर आठव्या ओळीला हिशोब बदलतो आणि पडद्याच्या एकेक तृतीयांशाच्या सीमेवर पुन्हा बदलतो. वितळणारा पडदा तीन आडव्या पट्ट्यांत फाटलेला दिसला तर दोष या सीमेवरच्या हिशोबात शोधा. डोकेफोड नको असेल तर १९२ ओळींचे पत्ते एकदाच काढून तक्ता करून ठेवा. ३८४ बाइट्स जातात, झोप वाचते.

वितळण्याऐवजी पडदा एकाच रंगाने भरला

वितळवताना प्रत्येक ओळीत तिच्या वरची ओळ उतरवायची असते. हे वरून सुरू केलं तर पहिली ओळ दुसरीत जाते, तीच तिसरीत, तीच चौथीत, आणि सगळा स्तंभ पहिल्या ओळीचीच नक्कल होतो. खालून सुरुवात करा: १९१ मध्ये १९०, १९० मध्ये १८९, असं वर चढत जा. बाइट्सचा गठ्ठा हलवणाऱ्या एलडीआयआर आणि एलडीडीआर या दोन आज्ञांमधला फरकही हाच: पहिली पत्ता वाढवत जाते, दुसरी कमी करत. ज्या भागातून उचलायचं आणि ज्यात टाकायचं ते भाग एकमेकांवर येत असतील, तर खालच्या दिशेने सरकवायला एलडीडीआरच लागते. उलट, सगळा पडदा एकाच बाइटने भरायला एलडीआयआरची ही खोड मुद्दाम वापरतात.

आणखी एक अडचण रंगांची. ठिपके सरकतात, पण रंग आठ बाय आठच्या चौकोनांत जागच्या जागी बसून राहतात. त्यामुळे लाल घर वितळता वितळता मध्येच हिरवं होतं. वितळवण्याआधी पूर्ण पडद्याला एकच इंक (ठिपक्यांचा रंग) आणि एकच पेपर (मागचा रंग) देणं हा सरळ मार्ग.

झटके का बसतात

स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८० चालतो ३.५ मेगाहर्ट्झवर आणि ४८के मशीनवर एक फ्रेम, म्हणजे पडदा एकदा रंगवण्याचा वेळ, ६९,८८८ टी-स्टेटची (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका). एलडीआयआरला दर बाइटमागे २१ टी-स्टेट लागतात. ठिपक्यांचे ६१४४ बाइट्स हलवायचे तर सुमारे १,२९,००० टी-स्टेट, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. सेकंदाला पन्नास वेळा हे होणार नाही, कितीही हुशारीने लिहिलंत तरी. उलट रंगांचे ७६८ बाइट्स सोळा हजार टी-स्टेटच्या आसपास आटोपतात आणि कामाला इंटरप्टनंतर (दर फ्रेमच्या सुरुवातीला प्रोसेसरला मिळणारा इशारा) लगेच सुरुवात केली तर पडदा रंगवणाऱ्या किरणाच्या पुढे राहतात. म्हणून माझं मत असं की नवख्याने आग, लाटा, प्लाझ्मा यांसारखे खेळ फक्त रंगांच्या चौकोनांवर करावेत. दिसायला भरड, पण लोण्यासारखे मऊ चालतात. ठिपक्यांचं वितळणं एका वेळी दोन-चार स्तंभांपुरतं ठेवा. तसंही ते ओघळल्यासारखं जास्त खरं वाटतं.

विरघळण्यात तिरप्या रेघा दिसतात

यादृच्छिक आकडा हवा म्हणून अनेकजण प्रोसेसरचं आर रजिस्टर वाचतात. पण ते आज्ञेगणिक पुढे सरकणारं सात बिटांचं मोजमाप आहे. ठरावीक लांबीच्या लूपमध्ये ते ठरावीक पावलांनीच पुढे जातं आणि पडद्यावर नक्षी उमटते. दुसरी जुनी युक्ती म्हणजे रॉममधले (मशीनच्या कायमच्या मेमरीतले) बाइट्स एकेक करून वाचणं. ती चालते, फक्त १४४४६ ते १५६१५ हा भाग टाळा. तिथले सगळे ११७० बाइट्स २५५ आहेत, तिथे पोचलात की विरघळणं अचानक एका कोपऱ्यात अडकून बसतं.

बॉर्डरचे पट्टे: इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात

बेसिकमधून बॉर्डर १, बॉर्डर २ असा लूप लावला तर जाड, हलणारे पट्टे मिळतात. पॉज १ (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांब) घातलं की ते निदान एकाच ठिकाणाहून सुरू होतात. पण बेसिकची एक आज्ञा संपेपर्यंत किरण कितीतरी ओळी पुढे गेलेला असतो. ओळीओळीला रंग बदलायचा तर मशीन कोडला, म्हणजे प्रोसेसरला थेट दिलेल्या आज्ञांना, पर्याय नाही.

४८के वर एक ओळ बरोबर २२४ टी-स्टेटची असते, लूपही तेवढाच हवा. हा हिशोब जुळतो (कंसात टी-स्टेट; सी मध्ये ओळींची संख्या): रंग तक्त्यातून ए मध्ये घ्या (७), एचएल वाढवा (६), पोर्ट २५४ वर पाठवा (११), बी मध्ये १४ घाला (७), बी शून्य होईपर्यंत डीजेएनझेड स्वतःवरच फिरवा (१७७), सी कमी करा (४), ते शून्य नसेल तर जेआर एनझेडने मागे जा (१२). बेरीज २२४. यातल्या जेआरऐवजी जेपी ही उडीची दुसरी आज्ञा लिहिली तर १२ चे १० होतात आणि पट्ट्यांच्या कडा तिरप्या पळतात. दोन टी-स्टेटचा फरक, पण डोळ्याला लगेच दिसतो.

लूप बरोबर असूनही पट्टे थरथरत असतील तर कोड कुठे ठेवलाय ते पाहा. १६३८४ ते ३२७६७ मधली मेमरी यूएलए या चिपला पडदा काढायला लागते आणि १९२ ओळी रंगवताना तिचा हक्क पहिला. तुमचा कोड किंवा रंगांचा तक्ता त्या भागात असेल तर प्रोसेसर थांबून थांबून चालतो. क्लिअर ३२७६७ देऊन सगळं ३२७६८ च्या वर न्या. (१६के मशीनवाल्यांना ही सोय नाही, त्यांनी रंगांच्या चौकोनांवरच समाधान मानावं.) पोर्ट २५४ सुद्धा यूएलएचंच. त्यामुळे रंग पाठवण्याची वेळ ओळीच्या मधल्या भागात आली तर तीही अडते. सुरुवातीला थोडा विलंब घालून ती उजव्या बॉर्डरच्या पलीकडे, किरण परत फिरत असतानाच्या वेळेत ढकला.

कळ दाबली की पट्टे उडी मारतात? हॉल्ट ही आज्ञा पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबते. तिच्यानंतर आधी रॉमचा इंटरप्ट चालतो, तो कीबोर्ड तपासतो आणि दाबलेल्या कळीप्रमाणे त्याला कमी-जास्त वेळ लागतो. उपाय म्हणजे आयएम २, इंटरप्टला आपलाच कोड चालवण्याची पद्धत. ६५०२४ पासून २५७ बाइट्स २५३ ने भरा, आय रजिस्टरमध्ये २५४ ठेवा आणि ६५०२१ वर फक्त ईआय (इंटरप्ट चालू) आणि रेट (परत जा) लिहा. आय मध्ये ६४ ते १२७ मधला आकडा चुकूनही नको, पडद्यावर बर्फ पडायला लागतं. आणि डीआयने इंटरप्ट बंद करून हॉल्टवर पोचलात तर मशीन तिथेच थांबलं, कायमचं.

पट्ट्यांबरोबर गुणगुण ऐकू येत असेल तर तक्त्यात सातपेक्षा मोठे आकडे गेलेत. त्याच पोर्टच्या बिट ४ वर स्पीकर आहे.

बेसिकमध्ये परतताना हँग

परत येण्याआधी आय मध्ये ६३, मग आयएम १ (इंटरप्टची मूळ पद्धत) आणि ईआय. आयवाय रजिस्टरमध्ये २३६१० असायला हवा, कारण रॉम सगळं त्याच्याच आधाराने करतं. ईएक्सएक्स (रजिस्टरांचा पर्यायी संच पुढे आणणारी आज्ञा) वापरत असाल तर पर्यायी एचएल मध्ये १००७२ परत ठेवा, हे हमखास विसरलं जातं. गंमत करणाऱ्या प्रोग्रामने पडदाही परत द्यावा. आधी ६९१२ बाइट्सची नक्कल ४०००० वर ठेवली की शेवटी एका एलडीआयआरमध्ये काम होतं. आणि चालवण्याआधी सेव्ह करा.

पूर्ण पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखवू नका. अपस्माराचा त्रास असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो.

एका इम्युलेटरवर ठीक, दुसऱ्यावर तिरपं

आधी मशीन कोणतं निवडलंय ते बघा. १२८के मशीनवर ओळ २२८ टी-स्टेटची आणि फ्रेम ३११ ओळींची, ४८के वर ३१२. वरच्या लूपमध्ये एक नॉप (काहीच न करणारी आज्ञा) घातला की चार टी-स्टेट भरून निघतात आणि पट्टे सरळ होतात. मशीन बरोबर असूनही हालचाल अडखळत असेल तर तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, स्पेक्ट्रम ५० चा आहे. पट्टे जागच्या जागी स्थिर ठेवून बघा. स्थिर असताना स्वच्छ दिसले आणि सरकतानाच अडखळले, तर कोडला हात लावू नका.