बी.फार्म. करून कॅनडात फार्मासिस्ट व्हायचंय? क्लास नंतर लावा, कागद आधी काढा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांनी कॅनडाच्या लायसन्सबद्दल विचारलं की पहिला सल्ला मिळतो तो क्लास लावायचा. हा सल्ला उलटा आहे. अभ्यास तिकडे राहूनही होतो. विद्यापीठातून आणि फार्मसी कौन्सिलमधून निघणारे कागद मात्र स्वतः खिडकीवर उभं राहता येतं तोवरच मार्गी लावावेत. टोरंटोतून फोन करून बांभोरीच्या, म्हणजे जळगावजवळच्या आपल्या विद्यापीठाच्या, परीक्षा विभागातली फाइल हलवणं फार जड जातं, आणि मग म्हातारे आईवडील खेटे घालत बसतात.

देशाचं आधी पक्कं करा. चार वर्षांच्या बी.फार्म.वाल्यांनी अमेरिकेचा नाद सोडावा. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना तिथल्या एफपीजीईसी, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीच्या, प्रमाणपत्रासाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो, आणि वर एम.फार्म. केलं म्हणून ती अट पुरी होत नाही, एजंट काहीही सांगो. सहा वर्षांची फार्म.डी. असेल तर जरूर बघा. इंग्लंडला ओस्पॅप हा वर्षभराचा कोर्स, मग ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर नोंदणीची परीक्षा. ऑस्ट्रेलियाला आधी ओप्रा परीक्षा (२०२५ पर्यंत तिच्या जागी कॅप्स होती), मग देखरेखीखाली इंटर्नशिप आणि तिच्या लेखी-तोंडी परीक्षा. दुबईकडे डेटाफ्लो कंपनी तुमचे कागद थेट विद्यापीठाकडून तपासून घेते, म्हणून खाली कागदांबद्दल जे लिहिलं आहे ते तिकडे जाणाऱ्यांनाही लागू आहे.

कॅनडाचा क्रम असा: फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा या संकेतस्थळावर नाव नोंदवून राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्या. मग पीईबीसी, म्हणजे तिथल्या फार्मसी परीक्षा मंडळाकडून कागदपत्रांचं मूल्यमापन. मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, नंतर क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग आणि शेवटी ज्या प्रांतात राहणार तिथली नोंदणी. क्वेबेकचं तंत्र वेगळं आहे, आणि फ्रेंच येत नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

एक खर्च इथेच वाचवा. कायम वास्तव्याच्या अर्जात फार्मासिस्ट हाच व्यवसाय दाखवणार असाल, तर पदवीच्या मूल्यांकनाचा अहवालही पीईबीसीचाच लागतो. शेजारच्या इंजिनिअर पोराने वेस या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घेतला म्हणून तुम्ही तिथे पैसे भरू नका.

कागदांचं मूल्यमापन

सगळी गाडी अडते ती इथे. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांचा आणि गुणांचा एकत्रित दाखला, विद्यापीठाने थेट पीईबीसीला पाठवायचं असतं आणि नोंदणीचा दाखला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलने. तुम्ही स्वतः पाकीट फोडून, झेरॉक्स काढून पुन्हा पाठवलंत की ते बाद. कॉलेजच्या प्राचार्यांनी सही करून दिलेलं ट्रान्सक्रिप्टही चालेल असं धरून चालू नका. पदवी ज्याने दिली, त्याचाच कागद हवा.

आपल्या भागात 'पदवी कोणी दिली' हाच पहिला प्रश्न असतो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झालं, त्याआधीच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या. २०१८ मध्ये उमविच्या नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी आलं. तुमच्या पहिल्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेवर जुनं नाव आणि पदवीवर नवं असेल, तर परदेशी तपासनिसाला ती दोन विद्यापीठं वाटतात. ट्रान्सक्रिप्टसोबत नामविस्ताराचं एक ओळीचं पत्र विद्यापीठाकडून जोडून घ्या. काही कॉलेजांची संलग्नता मध्यंतरी लोणेऱ्याच्या विद्यापीठाकडे गेली आहे. कॉलेज शिरपूर-शहाद्याचं म्हणून अर्ज जळगावला असं गृहीत धरू नका, आधी पदवीवरचा शिक्का वाचा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांनी फार जपायला हवं. त्यांच्या बी.फार्म. ट्रान्सक्रिप्टवर तिसऱ्या सेमिस्टरपासूनचेच विषय असतात आणि पहिलं वर्ष कुठे गेलं, असा प्रश्न येतोच. डी.फार्म.चे कागद तंत्रशिक्षण मंडळाकडून, म्हणजे मुंबईहून, वेगळे काढावे लागतात. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका. एक कागद पोहोचून दुसऱ्याची वाट बघत फाइल पडून राहिली की महिने जातात.

आणि नाव. आपल्याकडची गुणपत्रिका आडनावापासून सुरू होते आणि आईच्या नावावर संपते: पाटील योगेश भिकन मंगला. पासपोर्टवर आडनाव पाटील, नाव योगेश भिकन. तपासनीस गुणपत्रिका वाचताना 'पाटील' हेच नाव आणि 'मंगला' हे आडनाव समजतो. चौधरीचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, कौन्सिलच्या नोंदीत दुसरं, सोनवणेचंही तसंच. लग्नानंतर मुलींचं तर वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. यावर माझं ठाम मत: पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला, फक्त क्रम किंवा स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र. हे अर्जासोबतच पाठवा. त्यांनी हरकत घेतल्यावर पाठवायचं म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी जाणं.

पाकीट बंद होण्याआधी ट्रान्सक्रिप्टचा कच्चा मसुदा बघायला मागा. नावाचं प्रत्येक अक्षर, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), प्रवेशाचं आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, बॅकलॉग निघालेल्या विषयांचे अंतिम गुण, सगळं बोट ठेवून वाचा. कारकून वैतागला तरी चालेल. पाकिटाच्या चिकटवलेल्या जागेवर शिक्का आणि सही आडवी पडलेली हवी.

कौन्सिलच्या दाखल्यासाठी नोंदणी चालू असावी लागते. नूतनीकरण थकलं असेल तर आधी ते उरका.

अजून एक गोष्ट, जी कोणी उघडपणे बोलत नाही. गावाकडच्या मेडिकलला सर्टिफिकेट 'लावून' दरमहा पैसे घ्यायची पद्धत आहे. त्या दुकानाच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून तुमचं नाव असतं, आणि त्याच काळात तुम्ही पुण्यातल्या हॉस्पिटलमधला अनुभव दाखवता. पडताळणीत हे उघड पडलं तर केवळ अनुभव नाही, तुमचा सगळा अर्ज संशयात येतो. शिवाय फार्मासिस्ट नसलेल्या काउंटरवरून औषध नेणारा रुग्ण आपल्याच गावचा असतो. असं नाव कुठे असेल तर आजच अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवून काढून घ्या आणि पोचपावती जपून ठेवा.

परीक्षा

इव्हॅल्युएटिंग परीक्षेत आपली मुलं फार्मास्युटिक्स आणि केमिस्ट्रीत तरतात, प्रत्यक्ष उपचारांच्या प्रश्नांत घसरतात. वेळ तिकडे द्या. कॅनडात पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि रक्तातली साखर मिलीमोलमध्ये मोजतात: आपली मिलिग्रॅममधली १२६ म्हणजे त्यांची ७. हे आकडे डोक्यात भाषांतर न करता कळले पाहिजेत, कारण परीक्षेत गुणाकार-भागाकाराला वेळ नसतो.

क्वालिफाइंगचा पहिला भाग लेखी. दुसऱ्यात, म्हणजे ऑस्कीत, समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस असतो आणि काही मिनिटांत तुम्हाला त्याचं काम करून द्यायचं असतं. 'एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर' एवढं सांगून पाकीट पुढे सरकवायची आपली सवय इथे नापास करते. ॲलर्जी, चालू औषधं, गर्भारपण, याआधी काय घेऊन बघितलं, हे विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. पाठ केलेलं इंग्रजी लगेच कळतं. दोघांनी मिळून मोठ्याने सराव करा, एक रुग्ण, एक फार्मासिस्ट.

प्रांताच्या नोंदणीला तिथल्या कायद्याची परीक्षा, देखरेखीखालचं काम आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएलटीएस घाईने देऊन ठेवू नका, निकाल दोनच वर्षं धरतात. आणि या परीक्षेचे दोन प्रकार आहेत: इमिग्रेशनला जनरल लागते, फार्मसीच्या नोंदणीला काही ठिकाणी ॲकॅडेमिक. एकीवर दोन्ही कामं होतील असं धरून चालू नका, आपल्या प्रांताचा नियम आधी बघा.