जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये डिझेल इंजिन टाकताय? आधी ब्रेक बघा

इंदूरला घरच्या घरी जुन्या पिकअपमध्ये डिझेल बसवणारे बरेच आहेत, सगळे माउंटिंग आणि गिअरबॉक्सचंच बोलतात पण ब्रेकचं कोणी बघत नाही. पेट्रोल इंजिनला थ्रॉटल (आत येणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात, व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेकचं पेडल हलकं करणारा ब्रेक बूस्टर त्यावरच चालतो. जुन्या डिझेलला थ्रॉटलच नसतो, मग व्हॅक्यूम येणार कुठून? त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच इंजिनांत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागेच असतो. म्हणून सेकंडहँड इंजिन घेताना तो अल्टरनेटर सोबतच मागून घ्या, आणि पंपाला ऑइल देणारा आणि परत सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) नेणारा, दोन्ही पाइप नीट जोडा, नाहीतर पंप लवकर जाम होतो.

चेक सोपा आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की दाबूनच ठेवा आणि स्टार्ट मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर भेरूघाटाकडे गाडी काढूच नका हो, प्लीज.

अजून दोन गोष्टी: इंजेक्टरची रिटर्न लाइन, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाइप, टाकीपर्यंत न्यायची, आणि इंजिन बदलायच्या आधीच आरटीओची परवानगी घ्यायची, मोटार वाहन कायद्याचं कलम 52.