शाळांच्या हद्दी नव्याने आखताना

एका शाळेत दोन तुकड्या एकाच खोलीत कोंबलेल्या आणि जवळच्याच दुसरीत खोल्यांना कुलूप, अशी वेळ आली की हद्द, म्हणजे कुठल्या गल्लीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार ती रेषा, बदलायची मागणी होते. नकाशाला हात लावण्याआधी निकष आणि त्यांचा अग्रक्रम लेखी मंजूर करून घ्या: पायी अंतर, खोल्यांचा वापर, संमिश्र वस्ती, बसचा खर्च. नकाशा आधी बाहेर पडला की जो तो फक्त आपली गल्ली कुठे गेली ते पाहतो आणि मग निकषांवर धड चर्चा होतच नाही.

शाळेची क्षमता मोजताना २४ खोल्या गुणिले खोलीमागे ३० मुलं असा हिशेब करू नका. प्रयोगशाळा, संगीत, विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग अशा ४ खोल्या वगळा. उरल्या २०, म्हणजे ६०० जागा. कुठल्याही इयत्तेचा पट नेमका तिसाच्या पटीत येत नाही, म्हणून ६०० च्या ९० टक्के, ५४० धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा तक्ता: मुलं राहतात कुठे आणि शिकतात कुठे. समजा, हद्दीत ५०० मुलं राहतात, त्यांतली ६० दुसऱ्या शाळेत जातात आणि १४० बाहेरून परवानगी घेऊन येतात. पट झाला ५८०. इथे गर्दी परवानग्यांमुळे आहे. रेषा सरकवून ते कारण हटणार नाही, उलट शाळेलगतच्या मुलांना उगाच लांब जावं लागेल. हा तक्ता न करता हद्द बदलणं म्हणजे मुलांवर अन्याय आहे.

पुढच्या पाच वर्षांचा अंदाज इयत्तावार काढा. गेल्या वर्षी पहिलीत १०० आणि यंदा दुसरीत ९६, तर प्रमाण ०.९६, अशी तीन-चार वर्षांची सरासरी घ्या आणि यंदाच्या पहिलीला तिने गुणा, की पुढच्या वर्षीची दुसरी मिळते. पहिलीच्या प्रवेशासाठी जन्मनोंदी पाहा. नव्या इमारतींसाठी तशाच आकाराच्या, राहायला लोक आलेल्या इमारतींत दर १०० घरांमागे किती मुलं आहेत ते मोजा. एका खोलीच्या आणि तीन खोल्यांच्या घरांना एकच आकडा लावला की अंदाज हमखास फसतो.

मग शहराचे छोटे गट पाडा, साधारण २० ते ५० मुलांचे. कडा मोठा रस्ता, रूळ, नदी यांवरून न्या. लहान गल्लीच्या मधून मात्र रेषा नको, समोरासमोरची मुलं दोन शाळांत जातात. रेषा घरांच्या मागच्या बाजूने न्या. अंतर चालायच्या वाटेने मोजा. रुळांपलीकडची शाळा सरळ रेषेत ६०० मीटर असली तरी पुलावरून दीड किलोमीटर पडू शकते.

गट हलवताना शेजारच्या शाळेची क्षमता लगेच तपासा, नाहीतर तिथली गर्दी तिसरीकडे ढकलावी लागते. पुढच्या टप्प्याच्या (जसं माध्यमिक) शाळेत जाताना दहा-पंधरा मुलंच सोबत्यांपासून वेगळी पडत असतील तर तो गट परत घ्या. दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षीचा पट दाखवून, हरकतींसाठी खुले करा.

शेवटच्या इयत्तेतल्या मुलांना आणि शाळेत आधीच असलेल्यांच्या धाकट्या भावंडांना जुन्या शाळेत राहू द्यायचं का, हे निर्णयातच लिहा. सवलत आधीच शिकत असलेल्या सगळ्यांनाच दिली, तर सहा इयत्तांच्या शाळेत बदल पूर्ण व्हायला सहावं वर्ष उजाडेल; भावंडांनाही दिली तर त्याहून उशीर.

पत्त्यांची यादी प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करा, सम-विषम घरक्रमांकांसह. एखाद्या इमारतीला दोन रस्त्यांवर दारं असतील, तर कुठलं धरायचं तेही त्यातच नोंदवा.