पौराणिक पात्रांचा अर्थ लावताना या चुका टाळा

शिमग्यात गुहागरकडे संकासुर काळ्या वेशात, कमरेला घुंगरू बांधून घरोघरी येतो आणि लोक त्याला नवस बोलतात. खाली सिंधुदुर्गात तोच आडदशावतारात, म्हणजे दशावतारी नाटकाच्या सुरुवातीच्या भागात येतो, मालवणीत बोलून अख्ख्या जत्रेला हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. पुराणातला शंखासुर तर वेद पळवणारा दैत्य. मग हा कशाचं प्रतीक? ‘अज्ञानाचं’ हे उत्तर पुराणापुरतं ठीक. नवस बोलणाऱ्या बाईला ते सांगून बघा! एका नावाला एकच अर्थ चिकटवून मोकळं होणं, ही पहिली चूक.

दुसरी चूक मला जास्त छळते. वाचनालयात मुलांबरोबर महाभारत वाचताना ती दर आठवड्याला समोर येते: कादंबरीतलं पात्र तेच मूळ पात्र, असं धरून चालणं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला शिक्षक होते, त्यामुळे १९५९ची ‘ययाति’ आमच्याकडे घरचीच वाटते. तिच्यातला कच, म्हणजे शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला आलेला देवांकडचा तरुण, ययातीच्या आयुष्यात पुन्हा येतो, संयमाचा आदर्श म्हणून उभा राहतो. महाभारतात मात्र तो देवयानीचा (शुक्राचार्यांच्या मुलीचा, पुढे ययातीच्या बायकोचा) शाप घेतो, तिला उलट शाप देतो आणि देवांकडे निघून जातो. ययातीच्या कथेत त्याचं काम तिथेच संपतं. खांडेकरांचा कच खोटा नाही; तो खांडेकरांचा आहे. त्यांना भोगासमोर संयम उभा करायचा होता. मुलांनी ‘महाभारतातला कच’ असं लिहिलं की मी तेवढंच दुरुस्त करते: ‘कादंबरीतला कच’.

‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचं वाक्यही असंच. व्यासांच्या महाभारतात ते नाही. पांडवांच्या मयसभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, सेवक हसतात. द्रौपदी हसली, हे दुर्योधन मागाहून धृतराष्ट्राजवळ तक्रार करताना सांगतो. तेव्हा द्रौपदीला ‘उद्धटपणाचं प्रतीक’ ठरवण्याआधी बोलतंय कोण ते बघा. दुखावलेल्या माणसाची साक्ष आहे ती.

परशुरामाबद्दल थोडक्यात. त्याने बाण मारून समुद्र हटवला, ही आपल्या किनाऱ्याची कथा. शांतिपर्वात सागर स्वतःच त्याच्यासाठी शूर्पारक देश (आजच्या सोपाऱ्याकडचा पश्चिम किनारा) मोकळा करून देतो. या कथेतून भूगर्भशास्त्र काढू नका, आणि ‘नुसतं रूपक’ म्हणून चिपळूणजवळच्या देवळात हात जोडणाऱ्यांना हिणवूही नका.

अर्थ लागतच नसेल तर बहुधा पात्राची अर्धीच बाजू हातात असते. मी मुलांना वहीचं पान मधोमध दुमडायला लावते. डावीकडे पात्राने काय दिलं किंवा सोसलं, उजवीकडे त्याने दुसऱ्याचं काय केलं. प्रत्येक ओळीपुढे ग्रंथाचं किंवा खेळाचं नाव. प्रतीक सगळ्यात शेवटी, खाली.

परवा आठवीतल्या एका मुलीने कर्णाचं पान आणलं. डावीकडे ‘कवचकुंडलं कापून दिली’. उजवीकडे ‘भर सभेत द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगितली’. खालची ओळ कोरी होती. ‘बाई, अजून ठरत नाही,’ म्हणाली. मी तिला ती ओळ भरायला लावली नाही. पुढच्या शनिवारी आम्ही कृष्ण-कर्ण संवाद वाचणार आहोत.