‘स्वभावच तसा आहे त्याचा’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी अठरा वर्षं काढली. कोण कधी आलं, कधी गेलं, का आलं नाही, याचा हिशेब ठेवायचा. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा. रजिस्टरच्या उजव्या कडेला ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असायचा. दोन शब्दांच्या वर त्यात काही मावायचं नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच व्हायचा.

एका ऑपरेटरच्या नावापुढे मी एकदा लिहिलं, ‘बेजबाबदार, सवयीचा.’ पगाराचा दिवस होता, कानाला फोन होता, पुढ्यात ओव्हरटाइमच्या कागदांचा गठ्ठा. महिन्यात चार-पाच लेट मार्क, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. दोनदा समज दिली होती. खाली मान घालून ‘हो साहेब’ म्हणाला, पुन्हा तेच. पुढे त्याच्या बढतीच्या वेळी तो शेरा आडवा आला, तेव्हा त्याचा सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “साहेब, त्याचं सेकंड शिफ्टचं पंचिंग बघितलंत का कधी?”

नव्हतं बघितलं. सेकंडला तो अर्धा तास आधी हजर असायचा. उशीर फक्त फर्स्टला, तोही ठरावीक दिवशी. बायको एका दवाखान्यात आया. तिची रात्रपाळी सहाला सुटायची, घरी पोचायला पावणेसात, आणि आमची पाळी सातची. घरात तीन वर्षांची मुलगी. ज्या दिवशी त्याची फर्स्ट आणि तिची रात्रपाळी एकत्र यायची, त्या दिवशी हा लेट. बस, एवढंच.

दुसरा माणूस असं का वागला याचं कारण आपण मनात कसं लावतो, यावर मानसशास्त्रात ढीगभर काम झालंय. ते मी या प्रकरणानंतर वाचायला घेतलं. त्यातल्या ज्या चुका मी स्वतः केल्या किंवा शेजारच्या टेबलावर होताना पाहिल्या, त्याच इथे सांगतो.

रजिस्टरची एकच ओळ वाचणे

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. भाताचं ठीक आहे. सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर असतात. माणसाचं आजचं वागणं एका आचेवरचं आणि उद्याचं दुसऱ्या.

हॅरॉल्ड केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये यासाठी तीन प्रश्न मांडले. टाइम ऑफिसच्या भाषेत ते असे. एक, आज बाकीचेही लेट आहेत का? तळेगाव-चाकण रस्ता तुंबला की अर्धी लाइन उशिरा येते; त्या दिवशी एकट्याला धरून फायदा नाही. दोन, हा माणूस सगळीकडेच असा वागतो की इथेच? म्हणजे सेकंड शिफ्टला, मिटिंगला, कँटीनच्या वेळेलाही उशीर, की फक्त सकाळी सातला? तीन, हे नेहमीचं आहे की एकदाच घडलं?

बाकी कोणी लेट नाही, हा सगळीकडेच लेट, आणि नेहमीच लेट, तर मग खुशाल म्हणा की माणसाची सवय आहे. बाकी कोणी लेट नाही, पण हा फक्त सकाळच्या पाळीला आणि तिथे मात्र वारंवार लेट, तर ‘या माणसाची आणि या वेळेची कुठेतरी गाठ अडकलीय’ एवढंच म्हणता येतं. ती गाठ कुठली ते त्यालाच विचारावं लागतं. माझ्याकडे तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच संगणकात पडली होती. सेकंड शिफ्टचा कागद काढायला एक मिनिट लागलं असतं.

खरं तर इतरांचं काय चाललंय हा पहिला प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो. वर्गातला एक मुलगा गणितात नापास झाला की त्याचं डोकं चालत नाही. चाळीसपैकी तीस नापास झाले असतील, तर ते शिक्षकांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारतो कोण?

जे डोळ्यांसमोर आहे त्यालाच कारण समजणे

माणूस हलतो, बोलतो, चेहरा करतो. परिस्थिती हलत नाही. ती त्याच्या मागे पडद्यासारखी स्थिर असते, म्हणून नजर तिच्यावर जात नाही. फ्रिट्झ हायडरने हे १९५८ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याआधी १९४४ मध्ये त्याने आणि मारियान सिमेलने लोकांना दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरतानाची छोटी चित्रफीत दाखवली. बघणारे म्हणू लागले, मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय. कागदी आकाराला जिथे आपण स्वभाव चिकटवतो, तिथे गेटातून धापा टाकत आलेल्या माणसाची काय कथा.

१९७५ मध्ये शेली टेलर आणि सुझन फिस्क यांनी दोन माणसांना गप्पा मारायला बसवलं आणि बघणारे भोवती वेगवेगळ्या जागी. संभाषण एकच. पण ज्यांना जो समोरून दिसत होता, त्यांना वाटलं गप्पा तोच पुढे नेतोय. खुर्ची बदलली की कारण बदलतं!

आता आमच्या गेटवरचा सीसीटीव्ही घ्या. त्यात दिसतो तो बॅग सावरत धावणारा माणूस आणि वरच्या कोपऱ्यात वेळ. चौकातला कंटेनर दिसत नाही, घरी ताप आलेलं पोर दिसत नाही. ‘फुटेज आहे साहेब’ असं म्हणणाऱ्याला मी नंतर विचारायला लागलो, कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे आहे?

खुर्चीला माणूस समजणे

‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणणारा काउंटरवरचा कारकून उद्धट. पास नसेल तर आत न सोडणारा वॉचमन आडमुठा. खरं म्हणजे त्याला तेच सांगायला ठेवलंय. पण हे माहीत असूनही आपल्याला फरक पडत नाही, आणि या विषयातला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग हाच आहे.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना क्युबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं की लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, त्याला पर्याय नव्हता. तरीही वाचणाऱ्यांचा कल तोच: ज्याने कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिलं, तो मनातूनही थोडा कॅस्ट्रोवालाच असणार. ली रॉस यांनी पुढे १९७७ मध्ये परिस्थिती सोडून स्वभावालाच कारण धरायच्या या खोडीला ‘मूलभूत’ चूक असं नाव दिलं.

त्याच वर्षी रॉस, तेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांनी एक प्रश्नमंजूषा घेतली. चिठ्ठी टाकून एकाला प्रश्न काढणारा केलं, दुसऱ्याला उत्तर देणारा. प्रश्न काढणाऱ्याने आपल्याला जे येतं त्यातलेच दहा अवघड प्रश्न काढायचे. उत्तर देणाऱ्यांची साहजिकच निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. बघणाऱ्यांनी ठरवलं, प्रश्न काढणारा फार हुशार. उत्तर देणाऱ्यांनाही तसंच वाटलं!

हे वाचताना मला आमच्या भरतीच्या मुलाखती आठवल्या. टेबलाच्या या बाजूला बसून मी आयटीआयच्या पोरांना व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्या मापयंत्रावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारायचो. मला त्या एकाच प्रश्नाचं उत्तर नीट येत होतं, ही गोष्ट टेबलापलीकडे कोणाला माहीत असणार?

घाईत निवाडा करणे

डॅनियल गिल्बर्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात लोकांना एका बाईची आवाज बंद केलेली फीत दाखवली. ती अस्वस्थ दिसत होती. खाली लिहून येत होतं ती कशाबद्दल बोलतेय: काहींना दाखवलं, खाजगी, लाजिरवाणे विषय, काहींना, साधे विषय. विषय लाजिरवाणा असेल तर कोणीही चुळबुळ करेल, हे निवांत बघणाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तिला तेवढी सूट दिली. पण ज्यांना ते विषय पाठ करायचं काम दिलं होतं, त्यांनी ती सूट दिली नाही. विषय त्यांच्या लक्षात होते. वापरले मात्र नाहीत. थोडक्यात, ‘बाई घाबरट आहे’ हा निकाल आपोआप लागतो, आणि ‘पण विषयच तसा होता’ ही दुरुस्ती वेगळ्या मेहनतीने करावी लागते. डोकं दुसरीकडे गुंतलं असेल तर पहिली पायरी होते, दुसरी राहते.

माझा ‘बेजबाबदार’ हा शेरा पगाराच्या दिवशीचा होता, हे मी उगाच सांगितलं नाही.

घाई बघणाऱ्याला आंधळी करते, तशी वागणाऱ्यालाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून, खोकत पडलेला. अर्थात ठरवून बसवलेला. ज्यांना सवड होती त्यांतल्या ६३ टक्क्यांनी चौकशी केली, मधल्या गटातल्या ४५ टक्क्यांनी, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या बायबलमधल्या माणसावरच होतं. दारातून बघणारा काय म्हणाला असता? भावी पाद्री आणि इतका निर्दय!

आपला आणि परका असे दोन तराजू वापरणे

ही चूक कबूल करायला कोणाला आवडत नाही, आणि टाइम ऑफिसात ती रोज व्हायची. आपल्या तालुक्यातला लेट आला तर ‘गाडी चुकली असेल’, बाहेरच्या राज्यातला आला तर ‘या लोकांना शिस्तच नाही’. १९७४ मध्ये डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांना छोटे प्रसंग दिले; वागणारा कधी हिंदू, कधी मुसलमान. आपल्या माणसाचं चांगलं वागणं त्यांनी त्याच्या स्वभावाला लावलं, वाईट वागणं परिस्थितीला. दुसऱ्याच्या बाबतीत हा हिशेब फिरला. त्याच वर्षी अमेरिकेत के डो आणि टिम एम्सविलर यांना दिसलं की पुरुषी समजलं जाणारं तेच काम पुरुषाने जमवलं तर लोक कौशल्य म्हणतात, बाईने जमवलं तर नशीब. आमच्या लाइनवर पहिल्यांदा बायका आल्या आणि रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, घटलं, तेव्हा ‘नवीन मशीन आहे ना’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मशीन दोन वर्षं जुनं होतं.

‘आपल्याकडे असं नसतं’ म्हणून निर्धास्त राहणे

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांना ओळखीतल्या कोणाचं चांगलं-वाईट वागणं सांगून त्याचं कारण द्यायला लावलं. अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे जास्त वळले, म्हैसूरचे हिंदू प्रौढ नाती, कर्तव्य आणि प्रसंग यांकडे. एक किस्सा मोटारसायकलवरून निघालेल्या वकिलाचा: टायर फुटला, मागे बसलेला पडला, वकिलाने त्याला दवाखान्यात सोडलं आणि कोर्टात गेला. अमेरिकन म्हणाले, बेजबाबदार. म्हैसूरकर म्हणाले, कोर्टात जाणं त्याचं कर्तव्यच होतं. आठ वर्षांच्या मुलांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे कारण लावायची रीत आपण घरात आणि अंगणात शिकतो.

म्हणून आपण शहाणे असं नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मराठीच आहे.

उलट्या टोकाला जाणे

ऑपरेटरच्या प्रकरणानंतर सहा महिने मी सगळ्यांनाच सूट देत सुटलो. एक हेल्पर होता. तिन्ही पाळ्यांना लेट, जेवणाच्या सुट्टीनंतर लेट, दुसऱ्या विभागात दिला तर तिथेही लेट. मी त्याच्यासाठी कारणं शोधत बसलो आणि त्याचं काम बिचारे शेजारचे ओढत राहिले. केलीचे तीन प्रश्न त्यालाही लावायला हवे होते. तिन्हींची उत्तरं एकाच दिशेला होती.

आणखी एक. ‘आपण स्वतःच्या वागण्याला परिस्थिती लावतो, दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव’ हे जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांचं १९७१ चं वाक्य प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. २००६ मध्ये बर्ट्राम माल्ले यांनी १७३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरीत हा फरक जवळपास नाहीच असं निघालं. तो दिसला मुख्यतः वाईट प्रसंगांत. चांगल्या प्रसंगांत उलटा. नाचता येईना अंगण वाकडे, ते इथे बरोबर बसतं.

तरी अडलंच तर

शेरा लिहायचा हात थांबवा आणि दुसऱ्या पाळीचा कागद काढा. पगाराच्या दिवशी कोणाच्या स्वभावावर काही लिहू नका, दोन दिवस थांबल्याने कारखाना बंद पडत नाही. विचारताना ‘का उशीर केलास?’ नको, त्याला उत्तर ‘चुकलं साहेब’ एवढंच येतं. ‘सकाळी घरातून निघताना काय काय असतं?’ असं विचारलं की माणूस बोलतो. मी त्या ऑपरेटरला हे विचारलं तेव्हा तो पाच मिनिटं बोलला, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाशी त्याची पाळी बदलून दिली. बढती पुढच्या वर्षी झाली. वर्ष गेलं ते गेलंच.

निवृत्तीच्या आधी जुनी गेटची रजिस्टरं रद्दीत काढायची होती. चाळता चाळता एक पावसाळ्यातलं पान लागलं. चार जण लेट. पहिल्या तिघांच्या पुढे ‘कारण’ हा रकाना कोरा, वॉचमनने विचारलंच नव्हतं. चौथं नाव माझं. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘ट्रॅफिक’.