पुरात ड्रोन उडवायचा असेल तर: बडोद्याच्या एका गच्चीवरून

खालच्या माणसाला आपला ड्रोन काय दिसतो, हे मला ऑगस्ट 2024 च्या पुरात कळलं. तेही पाणी ओसरल्यावर.

गोकुळाष्टमीपासून विश्वामित्री चढत होती. धोक्याची पातळी 26 फूट, नदी गेली 35 च्या वर. आमच्या अकोट्याच्या सोसायटीत पार्किंगमधल्या स्कूटरचे फक्त आरसे पाण्याबाहेर होते. वीज नाही, नेट नाही, ड्रोनच्या बॅटऱ्या मात्र तिन्ही भरलेल्या. पाऊस जरा थांबला तसा मी उडवला. पलीकडच्या गच्चीवर एक काका दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, गंमत म्हणून. मीही ड्रोन डावी-उजवीकडे डुलवून उत्तर दिलं आणि पुढे गेलो.

चार दिवसांनी गाळ उपसताना ते भेटले. "तुमचं होतं होय ते? आम्हाला वाटलं एनडीआरएफवाल्यांचं. हिला उठवलं, औषधांची पिशवी बांधली, दीड तास कठड्याशी उभे होतो."

घरी येऊन क्लिप लॅपटॉपवर पाहिली. कोपऱ्यात काकू खरंच पिशवीला गाठ मारताना दिसतात. उडवताना फोनच्या स्क्रीनवर तो मला एक निळा ठिपका वाटला होता.

एनडीआरएफची सहावी बटालियन आपल्या जरोदलाच आहे, त्यामुळे बडोद्यात डोक्यावर काही घरघरलं की लोकांना तेच आठवतं. म्हणून आता मी बॅटरी लावण्याआधी स्वतःला विचारतो: हे चित्र कोणाला हवंय? नाव सांगता आलं नाही तर बॅग बंद. 9 जुलै 2025 ला पादऱ्याकडचा गंभीरा पूल तुटला, तेव्हा दोघांनी फोन करून "चल, ड्रोन घे" म्हटलं. तुटक्या कडेवर लटकलेला टँकर तोवर सगळ्या देशाने पाहिला होता. काठावर घरचे लोक उभे असणार, त्यांच्या डोक्यावर मी घिरट्या कशाला घालू? नाही गेलो.

आता कायदा, थोडक्यात. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो'. त्याला पायलटचं लायसन्स लागत नाही. पण लायसन्स नको म्हणजे कुठेही उडवा असं नाही, आणि इथेच बहुतेकजण फसतात. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत मोकळं आकाश नाहीच. आठ ते बाराच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या भागात, म्हणजे जिथे परवानगी लागत नाही तिथे, 400 फुटांपर्यंत. आपला विमानतळ हरणीला. म्हणजे समा आणि कारेलीबाग सोडाच, माझी अकोट्याची गच्चीसुद्धा त्या आठात येते. मी त्या दिवशी नकाशा पाहिला नव्हता, लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटवरचा नकाशा कोरड्या दिवशी पाहून ठेवा, पुरात नेट नसतं. आणखी एक: सुपरिंटेंडेंट किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे उड्डाणाला बंद, करू शकतो. काल चाललेली जागा आज बंद असू शकते.

नकाशा ठीक असला तरी घटनास्थळी पोचल्यावर ड्रोन बाहेर काढू नका. आधी ज्याच्या हातात वायरलेस आहे तो माणूस शोधा. आग असेल तर फायर ब्रिगेडचा अधिकारी, पुरात बोटीपाशी उभा असलेला. "साहेब, ड्रोन छे, काम लागे तो कहेजो," एवढंच म्हणा आणि बाजूला व्हा. 'नको' म्हणाले की विषय संपला, वाद घालू नका. 'हो' म्हणाले तर त्यांच्या शेजारीच उभं राहून स्क्रीन त्यांच्याकडे धरा. त्यांना सिनेमा नको असतो. कोणत्या गच्चीवर माणसं आहेत, मागच्या गल्लीत पाण्याला ओढ किती, बोट कुठून वळेल, एवढंच हवं असतं. ते दाखवलं की ड्रोन खाली.

हेलिकॉप्टरचा आवाज आला तर विचार करत बसू नका, उतरवा. माणसं बसलेल्या विमानाला वाट द्यायची, हा नियमच आहे. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशी ड्रोनची धडक बसली. पंखाला साधारण 3 बाय 6 इंचांचं भोक पडलं आणि आग भडकलेली असताना ते विमान जमिनीवर बसलं. उडवणाऱ्याला ड्रोन दिसतही नव्हता, तो दोन किलोमीटरहून लांब गेला होता. नॅनोच होता तो, माझ्या ड्रोनच्या वजनाचा.

यात 'रिटर्न टू होम'ची एक गोम आहे. सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर सरळ चढतो आणि मग परत येतो. ती उंची 120 मीटर ठेवून विसरलात तर तो नको तिथे वर जाईल. आजूबाजूच्या सगळ्यात उंच इमारतीहून थोडी जास्त, तेवढीच ठेवा.

गच्चीच्या स्लॅबवरून उडवू नका, आतल्या सळ्यांमुळे कंपास बिघडतो. मी प्लास्टिकच्या स्टुलावर पाट ठेवून त्यावरून सोडतो. बायको म्हणते, पूजा मांडलीस की काय. पुराच्या पाण्यावर खालचे सेन्सर गोंधळतात, चकाकत्या पाण्याला ते जमीन समजतात किंवा समजतच नाहीत, म्हणून खाली झेपावायचा मोह टाळा. विश्वामित्रीत पडलेला ड्रोन आणायला मगरींमध्ये कोण उतरणार? आगीवर तर वरून जाऊच नका. गरम हवा हलका ड्रोन पतंगासारखा उचलते, आणि धुरात तुम्हाला काही दिसत नाही. वारा पाठीशी घेऊन बाजूने बघा. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की परत. घारी अंगावर येतात, तेव्हा खाली पळू नका, सरळ वर घ्या.

उडवताना माणसांवर थांबायचं नाही. कोणी हात हलवला तर त्याला मदतीची खूण समजा, जागा लक्षात ठेवा, ड्रोन बाजूला न्या आणि त्या वायरलेसवाल्याला किंवा 112 ला कळवा. डुलवून उत्तर देऊ नका.

आता क्लिपचं. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात. व्हिडिओसोबत सबटायटलची एसआरटी फाइल बनत असेल तर तिच्यात सेकंदासेकंदाला. बचाववाल्यांना ती फाइल सोन्यासारखी, त्यांना मूळ कार्डच द्या. व्हॉट्सअॅपवर मात्र ती जाता कामा नये. कोणती घरं रिकामी पडलीत, हे चोरालाही त्यातूनच कळतं. चेहरे, गाड्यांचे नंबर, घरांच्या पाट्या झाका. स्ट्रेचर, चादर टाकलेलं कोणी किंवा गच्चीवर ओले कपडे बदलणाऱ्या बाया असतील तर तो तुकडा झाकत बसू नका, कापूनच टाका. मी पाणी उतरेपर्यंत काहीच टाकत नाही. लाइव्ह तर कधीच नाही, लाइव्ह बघून बघे येतात आणि बंबाची वाट अडते.

माझी त्या दिवशीची क्लिप मी कुठेच टाकली नाही. काकांनी एकदा मागितली होती, काकूंना दाखवायला. पेन ड्राइव्हवर दिली. काकूंनी पाहिली आणि म्हणाल्या, "गच्चीवर किती शेवाळ साचलंय बघा."